हवामानाचा खण

१

सोमवारी सकाळी साव्वा तोतेव लेखक मंडळाच्या घरी पोचला, तेव्हा त्याला एवढंच ठाऊक होतं की आपल्याला कॉफी मिळणार आहे. चोरी झाली आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मंडळाची कार्डं लिहिणारी दाफिना कांबुरोवा कपाटासमोर खुर्ची टाकून बसली होती. अंगावर कोट तसाच, मांडीवर कागदात गुंडाळलेली बानित्सा, चीजचं पापुद्र्यांचं ते वेटोळं पार थंड झालेलं. रोज तिच्यामागे कुरकुरत येणारी चाकांची पिशवी आज दिसत नव्हती. साव्वाने गुड मॉर्निंग म्हटलं, तिने नुसतं कपाटाकडे बोट केलं.

हे कपाट म्हणजे दाफिनाचं अख्खं आयुष्य, असं म्हटलं तरी चालेल. चाळीस खण आणि चाळीस हजारांवर कार्डं. कादंबरी लिहिणाऱ्याला जे जे लागतं ते सगळं त्यात होतं: कुठल्या साली पाव कसा भाजत, सोमल पोटात गेल्यावर माणूस किती तास टिकतो, मेणबत्ती किती वेळ जळते, गाडीवान शिव्या कुठल्या देत आणि पाद्री कुठल्या. ब्रेस्तोवोसारख्या डॅन्यूबकाठच्या आडगावात अर्धा डझन कादंबरीकार निपजले ते नदीच्या पाण्यामुळे नव्हे, या कपाटामुळे. साव्वाच्या तीस रहस्यकथांमधलं सगळं विष नऊ नंबरच्या खणातून आलेलं.

आणि आज एकतिसावा खण जागेवर नव्हता. हवामानाचा खण. कुठल्या दिवशी पाऊस पडला, कधी गारा, कधी धुकं, सगळं त्यात. खणाच्या जागी काळं भोक होतं आणि भोकात एक कोरी गुलाबी चिठ्ठी उभी करून ठेवलेली होती.

"कुलूप?" साव्वाने विचारलं.

"शाबूत आहे," दाफिना म्हणाली. "पोलिसांना बोलवायचं नाही. लाकडी खणासाठी ते येणार नाहीत, आणि आले तर हसतील."

किल्ल्या तीनच होत्या. एक दाफिनाकडे, दुसरी मंडळाचे अध्यक्ष राडोस्लाव चेंगेलोव यांच्याकडे, तिसरी जिल्हा ग्रंथालयाच्या इस्क्राकडे. येत्या शुक्रवारी हे कपाट ग्रंथालयाच्या ताब्यात जायचं होतं, कारण मंडळाचं घर विकलं गेलं होतं. करारात स्वच्छ लिहिलं होतं, की चाळीस खण मोजून घेतले जातील, एक जरी कमी भरला तरी ग्रंथालय कपाट नेणार नाही. मग ते नगरपालिकेच्या तळघरात जाणार, ओलीत. दोन हिवाळ्यांत कार्डांचा लगदा होईल आणि दाफिनाच्या त्रेचाळीस वर्षांचाही.

"तू शोध," ती म्हणाली. "तीस खून सोडवलेस ना?"

सोडवले होते खरे. पण त्या प्रत्येक वेळी खुनी कोण ते साव्वाला आधीपासून माहीत होतं, त्यानेच तर नेमलेला असायचा. इथे शेवट माहीत नसताना सुरुवात करायची म्हणजे त्याला भोवळ आल्यासारखं झालं. त्याने ती गुलाबी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. दोन्ही बाजू कोऱ्या. चोर आपली टिंगल करतोय की काय, हेही त्याला कळेना.

२

इस्क्रा मागच्या खोलीत कार्डांचे फोटो काढत होती. तिशीची पोरगी, केस बारीक कापलेले, बोलणं तोलूनमापून. सहा आठवडे ती एकेक खण क्रमाने नेऊन प्रत्येक कार्डाचे फोटो काढत होती, म्हणजे पुढे कुणालाही ते घरबसल्या बघता यावेत. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी तिने तिसावा खण संपवला. आज सकाळी एकतिसावा घ्यायचा होता.

साव्वाच्या मनात लगेच चक्र फिरलं. हिला कपाट नकोच असेल तर? तिने खण लपवला, करार मोडला, काम वाचलं. त्याने तसं आडून आडून विचारलंही. इस्क्राने कॅमेरा खाली ठेवला.

"तोतेवकाका, मला या कामावर नोकरी कायम होणार आहे. खण हरवला तर दाफिनाबाईंचं कपाट जाईल तळघरात आणि मी जाईन घरी. आता तुम्हीच सांगा, मी का चोरू?"

साव्वाने वहीत 'इस्क्रा' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं, मग ते खोडलं, मग पुन्हा काढलं.

जाता जाता इस्क्राने एक गोष्ट सांगितली. गेल्या शुक्रवारी दुपारी अध्यक्षसाहेब तावातावाने आले होते. हातात कुणाचं तरी पत्र होतं. दार लावून दाफिनाबाईंशी पाऊण तास बोलले. बाहेर आले तेव्हा दोघांचेही चेहरे पडलेले होते.

"काय बोलले?"

"दाराला कान लावायची सवय नाही मला," इस्क्रा म्हणाली. "पण एक वाक्य ओरडूनच बोलले, ते ऐकू आलं. 'पुढच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर मी ते कार्ड उचलून दाखवणार आहे.'"

३

राडोस्लाव चेंगेलोव म्हणजे ब्रेस्तोवोचा मोठा माणूस. त्याची धुक्यावरची कादंबरी शाळेत लावलेली. पाच एप्रिल १९१६ च्या रात्री नदीवर असं धुकं उतरलं, की माणसांनी भरलेली नाव मधोमध अडकली. अलीकडच्या आणि पलीकडच्या काठावरच्या लोकांनी पहाटेपर्यंत भांडी बडवली आणि त्या आवाजाच्या रोखाने नावाडी काठाला लागला. कादंबरी इतकी गाजली, की गाव दरवर्षी पाच एप्रिलच्या संध्याकाळी काठावर जमून भांडी बडवतं आणि मग लेखक मंडळ सगळ्यांना माशांचं सूप पाजतं. येत्या शुक्रवारीच पाच एप्रिल होता. यंदा काठावर पितळी पाटी बसणार होती, तारखेसकट.

या जेवणाला दाफिनाही न चुकता यायची, निळा झगा घालून, गळ्याशी पिन लावून, सगळ्यांच्या आधी. मासे तिला वासानेही चालत नसत. दोन तास पावाचा तुकडा चघळत बसायची आणि सगळ्यांच्या शेवटी उठायची. साव्वाला याचं नेहमी नवल वाटे. विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

चेंगेलोवने त्याला बसायलाही सांगितलं नाही. आधी उडवाउडवी केली. मग खुर्चीत कोसळला आणि खिशातून पत्र काढून टेबलावर आपटलं. शेजारच्या गावातल्या निवृत्त रेल्वे मास्तराचं पत्र होतं, सुवाच्य अक्षरात आणि अगदी विनयाने लिहिलेलं.

मास्तरांनी लिहिलं होतं, की आपल्या देशाने १९१६ साली जुनी दिनदर्शिका टाकून नवी घेतली. त्या साली एकतीस मार्चची रात्र संपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम चौदा एप्रिल उजाडला. मधले तेरा दिवस आपल्याकडे आलेच नाहीत. तेव्हा, सन्माननीय महोदय, आपल्या कादंबरीतली पाच एप्रिलची रात्र झाली तरी कधी?

साव्वाने पत्र दोनदा वाचलं. हे शाळेत सगळ्यांनाच शिकवतात. त्यालाही शिकवलं होतं. अख्खं गाव वीस वर्षं भांडी बडवत होतं आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

"शुक्रवारी वर्तमानपत्रवाले येणार आहेत," चेंगेलोव म्हणाला. "मी काय तोंड दाखवू? अरे साव्वा, मी ती तारीख मनाने नाही घातली. कपाटातल्या कार्डावर होती! धुकं, नाव, भांडी, सगळं कार्डावर होतं. ते कार्ड दाखवलं की झालं, चूक कुणाची ते लोकांना कळेल. आणि आता ते कार्डच गायब."

"कार्डावर माहिती कुणी दिली ते लिहिलेलं असतं," साव्वा म्हणाला. "खाली, कोपऱ्यात."

"वीस वर्षांपूर्वी बघितलंय ते. मी काय कोपरे वाचत बसतो?"

साव्वा बाहेर पडला तेव्हा त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. चेंगेलोवला खण लपवायचं कारण होतं असं वाटत होतं, आणि नव्हतंही. रहस्यकथेत अशा वेळी दुसरा खून पडतो आणि लेखकाची सुटका होते. इथे कुणी मरायलाही तयार नव्हतं.

४

मंगळवार आणि बुधवार त्याने वाया घालवले. खिडक्यांच्या चौकटी तपासल्या, शेजारच्या चांभाराला विचारलं, रेल्वे मास्तरांना फोन केला. मास्तर बिचारे घाबरले आणि माफी मागायला लागले. गुरुवारी दुपारी नदीकाठच्या बाकावर बसून त्याने वही उघडली. पानभर प्रश्नचिन्हं होती.

त्याने मग सगळं खोडलं आणि एकच प्रश्न लिहिला. चोराने अख्खा खण का नेला? कार्ड एक, खणात कार्डं हजारभर. कार्डाचा त्रास होता तर कार्ड काढायचं.

उत्तर सोपं होतं आणि ते सुचल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. कार्डांवर क्रमांक असतात. एक काढलं असतं तर नेमका तोच क्रमांक सगळ्यांच्या डोळ्यांवर आला असता. चेंगेलोवने लगेच बोट दाखवलं असतं. खणच गेला म्हणजे नक्की कशासाठी गेला ते कुणालाच कळत नाही. म्हणजे चोराला ते कार्ड चारचौघांत वाचलं जायला नको होतं, आणि तेही इस्क्राने सोमवारी फोटो काढण्याच्या आत.

चेंगेलोवला तर कार्ड हवंच होतं, ढाल म्हणून. तो नाही. इस्क्राला खण पूर्ण हवे होते. तीही नाही.

मग राहिली ती चिठ्ठी.

मंडळात दाफिनाचा एकच कडक नियम होता. कार्ड काढलं की त्या जागी गुलाबी चिठ्ठी ठेवायची. त्रेचाळीस वर्षं ती या चिठ्ठ्यांवरून लेखकांना झापत आली होती आणि त्रेचाळीस वर्षांत एकाही लेखकाने चिठ्ठी ठेवली नव्हती. साव्वाने तर कधीच नाही. चेंगेलोवला त्या चिठ्ठ्या कुठे असतात तेही माहीत नसेल. इस्क्रा खण नेताना तिच्या यादीत खूण करायची, चिठ्ठीला हातही लावत नसे. या घरात जागा रिकामी दिसली की ज्याचा हात आपोआप गुलाबी गठ्ठ्याकडे जातो असं माणूस एकच होतं. चोरी करतानाही त्या हाताला राहवलं नव्हतं.

आणि चाकांची पिशवी. शनिवारी बाजाराच्या दिवशी म्हातारी बाई चाकांची पिशवी ओढत निघाली तर तिच्याकडे कोण बघतो?

साव्वाने वही मिटली. उत्तर सापडलं होतं आणि त्याला मुळीच आनंद झाला नव्हता. जिचं सगळं बुडणार होतं तिनेच ते बुडवायला काढलं होतं, आणि वर त्यालाच शोधायला सांगितलं होतं. याचा अर्थ काय लावायचा, ते काही त्याला कळेना.

५

दाफिनाने दार उघडलं आणि त्याचा चेहरा पाहून काही न विचारता आत वळली. स्वयंपाकघरात मिरच्यांच्या लोणच्याच्या बरण्यांमागे चाकांची पिशवी उभी होती. तिने ती ओढत मध्यावर आणली.

साव्वाने सगळा हिशोब सांगितला, कार्ड, क्रमांक, चिठ्ठी. शेवटी तो म्हणाला, "चूक कुणाच्याही हातून होते, दाफिना. चाळीस हजारांत एक. त्यासाठी कुणी कपाट बुडवतं?"

"अर्धं बरोबर सांगितलंस," ती म्हणाली. "ती चूक नव्हती."

तिने पिशवीतून खण काढला, कार्डं सरकवली आणि एक कार्ड त्याच्या पुढ्यात ठेवलं. पिवळं पडलेलं, तिच्या तरुणपणच्या तिरप्या अक्षरातलं. धुकं, नाव, भांडी, पाच एप्रिल १९१६. आणि खाली कोपऱ्यात: 'सांगणारा – साव्वा तोतेव. त्याच्या आजीकडून ऐकलेलं.'

साव्वाने नाव पुन्हा वाचलं. मग हळूहळू, कुणीतरी फळकुटाचा जुना दरवाजा ढकलावा तसं त्याला आठवायला लागलं. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. पहिली कादंबरी लिहीत होता, पुढे कधीच न छापलेली. त्यात नायकाला नदीत हरवायला एक धुक्याची रात्र हवी होती. दाफिना म्हणायची, पुराव्याशिवाय काही लिहायचं नाही. मग त्याने आजीची गोष्ट रचली, म्हणजे कार्ड बनेल आणि मग त्याच कार्डाचा पुरावा देता येईल. त्याची आजी डोंगरातली. तिने जन्मात नदी पाहिली नव्हती.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "आणि विसरूनही गेलो."

"मला माहीत होतं."

"कधी कळलं?"

"तू तारीख सांगितलीस तेव्हाच. पाच एप्रिल एकोणीसशे सोळा. अरे, मी कार्डं लिहिणारी बाई. तो दिवस आलाच नव्हता, हे मला कळणार नाही?"

साव्वाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. चाळीस हजार कार्डांत एकदाही कुणाचं ऐकीव न घेणाऱ्या, तीन पुरावे नसतील तर कार्डाला हात न लावणाऱ्या बाईने समोर दिसत असलेलं खोटं शांतपणे लिहून घेतलं होतं.

"मग लिहिलंस कशाला?"

दाफिनाचं नाव झाडाचं, म्हणून तिच्या नावाचा सण ईस्टरआधीच्या फुलांच्या रविवारी येतो, सगळं गाव तिला त्या दिवशी फुलं देतं. तिचा खरा वाढदिवस कुणालाच माहीत नव्हता. एकदाच, पहिल्या वर्षी, साव्वाने तिच्या सभासदपत्रावर पाच एप्रिल ही जन्मतारीख वाचली होती आणि म्हणाला होता की बघ हं, लक्षात ठेवीन.

"वर्षात तीनशे पासष्ट दिवस असतात," ती म्हणाली. "तू त्यातला माझा निवडलास. मला वाटलं, मुद्दाम. चोवीस-पंचविशीत माणसाला असलं काहीही वाटतं. मी एक खोटं कार्ड लिहिलं, एकच, आणि तू पुढे काही बोलशील म्हणून वाट बघितली."

साव्वा काही बोलला नव्हता. पुढच्याच वर्षी त्याने सोफियाच्या एका मुलीशी लग्न केलं, ते सात वर्षांनी मोडलं, आणि तो परत येऊन नऊ नंबरच्या खणातलं विष वापरत बसला. तारीख त्याने मुद्दाम निवडली होती का, हे आता त्याला स्वतःलाही सांगता येईना. मुद्दामच निवडली असावी. नाहीतर ती आपली अशी जिभेवर आली कशी?

"चेंगेलोवने कादंबरी छापली तेव्हा मी हादरले," दाफिना म्हणाली. "पण तोवर शाळेत धडा लागला, लोक भांडी बडवायला लागले. आणि कार्ड खोडायचं नाही, हा नियम माझाच. आता तो ते कार्ड वर धरून सगळ्यांना दाखवणार. खाली तुझं नाव. माझं काय, मी चुकले म्हणतील. तुला मात्र लबाड म्हणतील."

"त्यासाठी कपाट तळघरात घालवणार होतीस? आणि मला शोधायला का सांगितलंस मग?"

"ते माझंही मला कळलं नाही," ती म्हणाली. "एकीकडे वाटत होतं सापडू नये. आणि एकीकडे वाटत होतं, निदान या वेळी तरी तुझ्या लक्षात यावं."

६

शुक्रवारी संध्याकाळी काठावर दोनशे माणसं जमली, हातात पातेली आणि झाकणं घेऊन. पाटीवर फडकं टाकलेलं. चेंगेलोव घामाघूम. इस्क्रा कपाटाची यादी घेऊन उभी होती आणि मंडळाच्या घरातल्या कपाटात चाळीस खण होते.

भाषणाआधी साव्वा पुढे झाला. त्याने पिवळं कार्ड वाचून दाखवलं, कोपऱ्यासकट. म्हणाला, ही रात्र झालीच नाही, ती मी रचली, चोविसाव्या वर्षी, एका कादंबरीसाठी. राडोस्लावचा दोष नाही, त्याने कार्डावर विश्वास ठेवला. दाफिनाचाही दोष नाही, असं तो म्हणणार होता, तेवढ्यात दाफिना निळ्या झग्यात पुढे आली आणि तिने जाहीर केलं की तिला ते खोटं असल्याचं माहीत होतं. का लिहिलं ते मात्र तिने सांगितलं नाही.

मागे कुणीतरी हसलं. वर्तमानपत्रवाल्याने वही काढली. मग एका म्हातारीने विचारलं, म्हणजे आता भांडी बडवायची नाहीत काय? ती काही कुणाच्या उत्तरासाठी थांबली नाही, तिने बडवायला सुरुवात केली. तिच्यामागोमाग सगळेच बडवायला लागले. चेंगेलोवने पाटीवरचं फडकं काढलं नाही, पण सूप मात्र दोन वाडगे प्याला.

मंडळाच्या घरी परतल्यावर दाफिनाने इस्क्राला सरळच विचारलं, आता ग्रंथालय कपाट घेणार का. इस्क्राने यादीवर सही केली. म्हणाली, चूक उघड कबूल करणारं कपाट मी पहिल्यांदा बघतेय, बाकीच्या कार्डांवर माझा आता जास्त भरवसा बसला. फक्त एक अडचण होती. हे कार्ड हवामानाच्या खणात ठेवता येणार नाही. असं हवामान झालंच नव्हतं.

"मग ठेवायचं कुठे?"

दाफिना कपाटापाशी गेली आणि तिने बाविसावा खण ओढला. त्यावर लिहिलं होतं: 'मागण्या, होकार, नकार'. जुन्या काळी कोण कुणाला लग्नाचं कसं विचारायचं, त्याची कार्डं. तिने ती बोटाने चाळली आणि 'मागण्या' संपल्या तिथे पिवळं कार्ड सरकवलं.

साव्वा शेजारी उभा होता. बाहेर पातेली वाजतच होती. त्याने हवामानाच्या खणातली रिकामी फट पाहिली, गुलाबी गठ्ठ्यातून एक चिठ्ठी काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर आपलं नाव लिहून ती फटीत उभी केली.

"आता याच्यापुढचं कार्ड कुठलं?" त्याने विचारलं. "होकार की नकार?"

"ते मला काय विचारतोस," दाफिना म्हणाली. "आधी नीट विचार तरी. या वेळी आजीचं नाव सांगायचं नाही."